फोटोवरून मेंढीची जात सांगणारी व्हॉट्सअ‍ॅप सर्व्हिस: पैसे द्यावेत का?

पाचपैकी तीन स्टार. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय ते मोकळे. सर्व्हिसचं नाव टाकत नाही कारण एकट्या माणसाचा धंदा आहे, माणूस बोलायला चांगला आहे, आणि अशा सर्व्हिस आता ढीगभर झाल्यात, युट्यूबवर मेंढीपालनाचा कुठलाही व्हिडीओ लावा, खाली एक नंबर असतोच की फोटो पाठवा, जात ओळखून मिळेल.

माझं बंदिस्त मेंढीपालन आहे, छोटंसंच. जत-आटपाडीकडच्या बाजारातनं केसाळ मेंढ्या घेतल्या, म्हणजे अंगावर लोकर जवळपास नाही, नुसते आखूड केस, कातरणीची कटकट नाही. हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, सगळ्याच्या सगळ्या "माडग्याळ क्रॉस" म्हणून गळ्यात मारल्या. माडग्याळ ही सांगली जिल्ह्यातल्या जत भागातली मेंढीची जात, पण क्रॉस म्हणजे माडग्याळ आणि अजून काय, असं विचारलं तर म्हणाला "क्रॉस म्हंजे क्रॉस, अजून काय असतंय". घरी आणून शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. एक पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, नाक मोठं. दुसरी नखशिखांत तांबूस. तिसरी पांढरी पण डोळ्याभोवती काळी कडी आणि गळ्याखाली दोन गाठी लोंबतायत. आता मेंढा कुठला लावायचा हे ठरवायचं तर आधी हातात काय आहे ते कळायला पाहिजे ना, म्हणून पैसे भरले.

सगळ्यात चांगला भाग पहिलाच आहे, तो म्हणजे फोटो कसे काढायचे याची त्यांची यादी. ही यादी मला फुकट मिळाली असती तरी मी पैसे दिले असते. मोबाईल मेंढीच्या खांद्याच्या उंचीला धरायचा, चार-पाच पावलं मागं जायचं आणि मग झूम करायचं, तोंडाजवळ मोबाईल नेऊन काढायचा नाही. कारण जवळनं काढला की नाक आहे त्यापेक्षा मोठं येतं, आणि माडग्याळची सगळी किंमत नाकातच तर आहे, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं नाक. विकणारे खालनं वर, अगदी तोंडापाशी मोबाईल धरून फोटो टाकतात ते काय उगाच नाही. शिवाय नाकाचा बाक वयाबरोबर वाढतो आणि मेंढ्याला मेंढीपेक्षा जास्त असतो, त्यामुळं चार महिन्यांच्या कोकराच्या नाकावरनं कोण जात सांगत असेल तर त्याला हात जोडा आणि पुढं चला.

मग दात. खालचे पुढचे दात दिसतील असा फोटो. दुधाचे आहेत का दोन दाती का चार दाती (म्हणजे पक्के दात किती आलेत), त्यावरनं वय, आणि वयाशिवाय उंचीला काही अर्थ नाही. मग मला म्हणाले, "दादा, आता पाठीवरचे केस बोटानं फाकवा आणि तिथला फोटो द्या, मग खांद्यावरचा, मग पोटाचा." हे का, तर लोकरीची दख्खनी मेंढी नुकती कातरली की लांबनं बघणाऱ्याला केसाळच वाटते, बाजारात हा प्रकार चालतो. पण केस फाकवले की बुडाशी लोकरीचा बारीक थर सापडतो. केसाळ आणि लोकरीची यांच्या क्रॉसमध्ये तर बऱ्याचदा पोट, पाय, मान साफ असतात आणि पाठीवर तेवढी लोकरीची गोधडी राहते. माझी ती नाकवाली पांढरी मेंढी, जिला मी मनातल्या मनात सगळ्यात भारी समजत होतो, तिच्या पाठीवर नेमकी ही गोधडी निघाली.

शेपटीच्या मुळाचा पण फोटो मागतात. आपल्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेंढ्यांची शेपटी बारीक आणि आखूड असते. मुळाशी चरबी जाणवली तर दुंबा (चरबीच्या शेपटीची मेंढी) किंवा डॉर्परची शंका घ्यायची, कारण डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि ब्लॅकहेड पर्शियन यांच्यापासनं बनवलेली जात आणि त्यातली पर्शियन ही चरबीच्या बुडाची. ईदच्या तोंडावर दुंबे सगळीकडं फिरतात, नंतर त्यांचं रक्त कुठं कुठं पसरतं कोणाला माहिती. माझ्यात तसं काही नव्हतं.

आणि टेप. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासनं ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाजे वजन. घेर ३२ आणि लांबी २८ असेल तर ४३ किलोच्या आसपास. ज्यांच्याकडं वजनकाटा नाही त्यांनी एवढं तरी लिहून घ्या, बाजारात उभ्या उभ्या मोबाईलवर होतं. जातीशी याचा थेट संबंध नाही पण मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आता निकाल. दोन दिवसांनी व्हॉइस नोट आली, भली मोठी, आणि मागनं एक पीडीएफ. ठिपकेवाली "माडग्याळ ७५ टक्के, दख्खनी २५ टक्के". तांबूस वाली "केंगुरी". डोळ्याला काळी कडी असलेली "नेल्लोर जोडिपी, प्युअर" (नेल्लोर ही आंध्रकडची जात, जोडिपी हा तिचा एक प्रकार).

इथनं माझे दोन स्टार कमी व्हायला सुरुवात झाली.

पहिलं ते ७५ टक्के. फोटोवरनं टक्के कसे काढले? एकाच मेंढ्याची, एकाच मेंढीची दोन कोकरं घ्या, एकाला बापाचं नाक येईल, एकाला आईची लोकर. क्रॉसच्या पहिल्या पिढीत सगळी बऱ्यापैकी सारखी दिसतात पण क्रॉसला क्रॉस लावला की पुढची पिढी फुटते, कोण कुठं जाईल सांगता येत नाही. त्यामुळं नाक आहे म्हणून उरलेलं सगळं माडग्याळचं असं नाही. नाक नाकापुरतं. मी हे विचारलं तर म्हणाले अनुभवावरनं अंदाज आहे. मग अंदाज म्हणा ना, ७५ आकडा लिहिला की घेणाऱ्याला वाटतं लॅबमधनं आलाय. आणि ज्या दख्खनीला आपण एका बाजूची शुद्ध जात धरतो, तिच्याबद्दल पशुसंवर्धनाच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की राजस्थानकडच्या लोकरीच्या आणि आंध्र-तमिळनाडूकडच्या केसाळ मेंढ्यांच्या मिश्रणातनं ती झाली. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे तिचेच प्रकार. म्हणजे मुळातच मिसळलेल्या मेंढीचे २५ टक्के मोजायचे कशात?

दुसरं तांबूस मेंढीचं. केंगुरी रायचूरकडची, तांबूस-तपकिरी, बरोबर. पण नेल्लोरचा दोरा प्रकार पण तपकिरीच. मद्रास रेड नावातच लाल. सेलम-इरोडकडची मेचेरी फिक्या तपकिरी रंगाची. रंगावरनं या चारपैकी एक निवडायची असेल तर चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या. नर असता तर शिंगांवरनं काहीतरी हाती लागलं असतं, कारण मेचेरीत नर-मादी दोघं बिनशिंगी आणि बाकी तिघींच्या नरांना शिंगं. पण माझी मादी, आणि मादीला या चौघींतही सहसा शिंगं नसतातच, मग आवाज एवढा खात्रीचा कशाच्या जोरावर? याच माणसानं "तांबूस केसाळ, कर्नाटक-आंध्रकडची, नक्की जात सांगता येणार नाही" असं लिहून दिलं असतं तर मी चौथा स्टार दिला असता. पण गिऱ्हाईकाला नाव पाहिजे असतं, हे पण खरं आहे, नाव नाही दिलं तर म्हणतात पैसे कशाचे घेतले.

तिसरीचं मात्र त्यांनी चांगलं पकडलं. पांढरं अंग, डोळ्याभोवती आणि जबड्याला काळं, गळ्याखालच्या गाठी, उंच पाय, लांब लोंबते कान, सगळं नेल्लोरच्या जोडिपीकडं जातं. कर्नाटकातल्या मंड्या मेंढीला पण गळ्याला गाठी असतात पण ती बुटकी, गोल, आणि मागनं बघितली तर मांड्यांचा आकार उलट्या यूसारखा, हिचं तसं नाही. फक्त "प्युअर" हा शब्द काढून टाकावा. आई कोण, बाप कोण माहिती नाही, बाजारातली मेंढी, तिला प्युअर कशी म्हणणार.

आता नेल्लोरची मेंढी सांगली जिल्ह्यात कशी आली असं कोणाला वाटेल तर मेंढरांना राज्याची हद्द नसते आणि हेड्यांना तर त्याहून नसते. जत तालुका कर्नाटकाला खेटून आहे. त्यात २०१७ ला तेलंगणा सरकारनं २० मेंढ्या आणि १ मेंढा असं युनिट ७५ टक्के सबसिडीवर वाटायला काढलं, आणि त्यासाठी खरेदी शेजारच्या राज्यांतनं झाली, महाराष्ट्रातनं पण. एवढी जनावरं ट्रकनं इकडनं तिकडं गेल्यावर कुठल्या बाजारात कुठलं रक्त उतरेल याचा नेम नाही. जात म्हणजे एका भागात पिढ्यानपिढ्या राहिलेला कळप, आणि भागच हलला तर फोटो बघून भाग सांगायचा म्हणजे अवघडच काम आहे, हे मी त्यांच्या बाजूनं बोलतोय.

माडग्याळच्या नावाला भाव का आहे ते वेगळं सांगायला नको, २०२० ला आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखाची मागणी आली होती आणि मालकानं दिला नव्हता, पेपरात सगळ्यांनी वाचलंय. तेव्हापासनं जरा नाक वाकलेलं कोकरू दिसलं की माडग्याळ. पण ती किंमत हौसेची आणि पैदाशीच्या एखाद्या नराची, आपल्या गोठ्यातल्या क्रॉस मादीला तिच्यातनं रुपया मिळत नाही. आपल्याला मिळतात ते किलोचे आणि कोकरांच्या संख्येचे.

आणि संख्येचं तर फोटोत काहीच दिसत नाही. हेड्यानं एकीला "जुळी देती" म्हणून दोन हजार जास्त लावले होते, मी सर्व्हिसवाल्याला विचारलं, ते म्हणाले कास चांगली आहे, देईल. कास बघून दूध कळेल हो, जुळं कसं कळणार? जुळ्यांचं एक जनुक आहे, फेक-बी, त्याला बूरूला पण म्हणतात. सुंदरबनातल्या गारोळ नावाच्या एवढ्याशा मेंढीत ते आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधनं ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिकडं पोचलं. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकापासनं गारोळचं हे जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. हे जनुक आहे की नाही, एक प्रत आहे की दोन, हे रक्ताच्या डीएनए तपासणीत नक्की कळतं, हो किंवा नाही, टक्के-बिक्के नाहीत. मेंढी काळी असो, ठिपक्याची असो, नाक सरळ असो, काही फरक पडत नाही. माझं म्हणणं इतकंच, खर्चच करायचा तर अशा एका प्रश्नावर करा ज्याचं उत्तर मिळतं.

पूर्ण जातीची डीएनए टेस्ट का नाही करत असं एकानं विचारलं. ती टेस्ट तुमच्या जनावराची तुलना त्यांच्याकडं आधीपासनं असलेल्या जातींच्या नमुन्यांशी करते. त्या नमुन्यात माडग्याळ नसेल तर उत्तर माडग्याळ येणारच नाही, जी जवळची वाटेल तिचं नाव येईल. बाहेरच्या देशातली किट मागवणाऱ्यांनी आधी यादीत आपल्याकडच्या कुठल्या जाती आहेत ते विचारून घ्या, नाहीतर तुमची जतची मेंढी कुठल्यातरी परदेशी मेंढीची चुलत बहीण निघायची.

फोटो ओळखणारी मोबाईल अ‍ॅप पण बघितली, फुकटची. तिसरीला शेळी म्हणाली. विषय संपला.

आमच्या रानात दिवाळीनंतर मेंढरं बसवायला येतात ते मामा सहज आले होते, त्यांना दाखवल्या. त्यांचं वर्गीकरण दोनच, आपली आणि कर्नाटकी. नाव गाव काही नाही, पण तोंड उघडून दात बघितले, खुरं उचलून बघितली, कास दाबून बघितली आणि तांबूस मेंढीच्या एका सडात गाठ आहे हे त्यांनी सांगितलं, जे इतक्या फोटोतनं सर्व्हिसवाल्याला दिसलं नव्हतं. दिसणार पण नाही म्हणा. पण मामांना नेल्लोर आणि मंड्यातला फरक विचारला तर हसले नुसते, म्हणजे त्यांच्याकडनं पण सगळं मिळत नाही.

मग घ्यावी का सर्व्हिस? मेंढ्या घ्यायच्या आधी, बाजारात जायच्या आधी घ्या, घेतल्यानंतर नको. विकणाऱ्याकडनं त्या यादीप्रमाणं फोटो मागवा, अर्धे विकणारे पाठीचे केस फाकवायला सांगितलं की तिथंच गप्प होतात. प्रश्न पण "कुठली जात" असा टाकू नका, "यात लोकरीचं रक्त दिसतंय का, वय किती, सांगितलंय ते पटण्यासारखं आहे का" असा टाका, याची उत्तरं ते खरंच चांगली देतात. आणि ज्यांना शुद्ध माडग्याळच पाहिजे त्यांनी क्रॉसच्या फोटोंवर पैसे घालवण्यापेक्षा कवठेमहांकाळ तालुक्यातलं रांजणीचं सरकारी प्रक्षेत्र आहे, अहिल्यादेवी मेंढी-शेळी महामंडळाचं, तिथं चौकशी करावी.

मी मेंढा शेवटी नाकावरनं नाही, वजनावरनं आणि त्याच्या आईच्या वेतांची माहिती विचारून लावला. पाठीवर लोकर असलेल्या मेंढीसाठी पण लोकर नसलेलाच बघितला, म्हणजे पुढची कोकरं तरी साफ निघण्याची शक्यता वाढेल.

पेमेंट यूपीआयनं, आधी. रिप्लाय वेळेवर येतो, एकदा पैसे भरले की नंतर शंका विचारल्या तरी चिडत नाहीत, हे मोठं आहे. फक्त त्या पीडीएफवर वरती "ब्रीड सर्टिफिकेट" असं छापलंय आणि गोल शिक्का आहे. ते कुठल्याही सरकारी खात्याचं नाही. ते दाखवून कोण तुम्हाला मेंढी विकत असेल तर पैसे काढू नका, आधी केस फाकवून बघा.