वाटाण्यात इमॅझेथापायर: फवारणीपासून पुढच्या पेरणीपर्यंतचा अनुभव

इमॅझेथापायर हे तणनाशक फवारल्यावर तिसऱ्या दिवशी शेतात गेलो, तर तण जसंच्या तसं हिरवंगार उभं आणि वाटाण्याचे शेंडे मात्र पिवळे. पोटात गोळाच आला. दोन आठवडे थांब, तोवर काही करू नको, असं त्या दिवशी सांगणारं कुणी हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पीक दाण्याचा वाटाणा, औषध इमॅझेथापायर 10 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण). पेरणीनंतर साधारण 20 दिवसांनी, पीक चार पानांवर आणि बहुतेक तण दोन ते चार पानांवर असताना एकदाच फवारलं. मात्रा लेबलवर वाटाण्यासाठी दिलेलीच घेतली. तुमच्या डब्याच्या लेबलवर वाटाण्याचं नाव नसेल, तर ते औषध वाटाण्यावर मारू नका. मधल्या दोन ओळी मुद्दाम न फवारता कोऱ्या सोडल्या होत्या. पुढे सांगतोय ते सगळं त्या ओळींशी ताडून पाहिलेलं आहे.

आधी मी पेरणीनंतर लगेच पेंडीमेथालिन हे उगवणीआधीचं तणनाशक मारायचो. त्याचा क्रियाशील घटक (औषधातला प्रत्यक्ष काम करणारा भाग) हेक्टरी किलोभर जातो तेव्हा कुठे काम होतं, आणि वरची माती कोरडी राहिली की तेही होत नाही. इमॅझेथापायरचा क्रियाशील घटक हेक्टरी 50 ते 100 ग्रॅम पुरतो. खुरपणी चांगलीच, पण वाटाण्याचे ताणे एकमेकांत गुंतले की ओळीत पाय टाकता येत नाही, कोवळं खोड लगेच मोडतं. आणि पहिल्या चार-सहा आठवड्यांत तण वरचढ झालं की वाटाणा नंतर सावरत नाही.

तण हिरवं का राहतं, ते नंतर कळलं. हे औषध पान जाळत नाही. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं वनस्पती ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने बनवते, ते विकरच हे औषध बंद पाडतं. वाढ एक-दोन दिवसांत थांबते, पण अंगातल्या साठ्यावर झाड हिरवं दिसत राहतं. माझ्याकडे आठव्या-नवव्या दिवशी माठाचा पोंगा पिवळा पडला, मग शिरा लालसर झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात उपटलं तर मूळ हातात तुटून आलं.

वाटाणा वाचतो, कारण औषध घात करायच्या आत तो ते तोडून टाकतो. पण त्यासाठी रोप तजेलदार हवं. माझ्या फवारणीआधी दोन रात्री कडक थंडी होती. गारठलेलं किंवा पाण्यात उभं राहिलेलं रोप हे काम सावकाश करतं, म्हणून शेंडे पिवळे झाले. बारा दिवसांत रंग परत आला. पेरी मात्र आखूड राहिली आणि फुलोरा कोऱ्या ओळींपेक्षा चारेक दिवस उशिरा आला. निवडक तणनाशक म्हणजे पिकाला काहीच होत नाही, हा माझा समज तिथेच गेला.

वळणाच्या कोपऱ्यात दोनदा फवारा पडला, तिथे शेंडेच मेले. आठवडाभराने वाकून पाहिलं तर जमिनीलगतच्या डोळ्यातून बारीक फुटवा निघालेला. उगवताना वाटाण्याच्या बियाची डाळ (बीजदलं) जमिनीखालीच राहते आणि खालच्या पेरांवर डोळे असतात, त्यामुळे झाड पुन्हा उभं राहतं. ती झाडं शेंगांवर मात्र मागे पडली. तीन रोपं उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या, आतून गुलाबी होत्या, म्हणजे हवेतला नत्र धरायचं त्यांचं काम चालू होतं. तेव्हा जीव भांड्यात पडला.

तणांचा हिशेब सांगायचा तर माठ आणि रानमोहरी साफ. चाकवत बोटभर असताना सापडला तिथे गेला, वीतभर झालेला नुसता खुरटला. लव्हाळा दबला, मेला नाही. हरणखुरी आणि हरळीवर तर भरवसा ठेवूच नका. तण मोठं झाल्यावर मात्रा वाढवून ते मरत नाही, पीकच मार खातं.

फवारताना फ्लॅट फॅन नोझल वापरा आणि लेबलवर सांगितलेला स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घाला. पंपाबद्दल तर कळकळीने सांगतो. पहिल्या टाकीत दोन ओळींची पानं पिळवटून वाकडी झाली, ती या औषधाने नाही. त्याच पंपाने आधी दुसऱ्या पिकात 2,4-डी हे रुंद पानांच्या तणांचं तणनाशक मारलं होतं आणि मी तो नुसत्या पाण्याने एकदा विसळला होता. नळी आणि गाळणीत उरलेला अंशही वाटाण्याला पुरतो. आता 2,4-डीचा पंपच वेगळा ठेवलाय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काढणीनंतर कळली. हे औषध जमिनीत महिनोन्‌महिने राहतं. त्याचं विघटन मुख्यतः जमिनीतले सूक्ष्मजीव करतात, त्यामुळे कोरड्या, थंड आणि आम्लधर्मी जमिनीत ते जास्त टिकतं. मला तिथे मोहरी घ्यायची होती. फवारणीला चार महिने झाल्यावर फवारलेल्या जागेची आणि कोऱ्या ओळींची माती दोन कुंड्यांत भरली आणि दोन्हीत मोहरी टाकली. उगवण सारखीच झाली. पण दोन आठवड्यांनी कोऱ्या मातीतली रोपं चार पानांवर, आणि दुसऱ्या कुंडीतली दोन पानांवरच अडलेली, जांभळट, मुळं आखूड. अख्खं शेत वाया जाण्यापेक्षा दोन कुंड्या गेल्या. लेबलवर पुढच्या प्रत्येक पिकासाठी किती महिने थांबायचं ते दिलेलं असतं. मी ते औषध घेताना वाचलंच नव्हतं.

मोहरी दुसरीकडे नेली. या तुकड्यात आता सोयाबीन आहे. त्यात हेच औषध चालतं, पण मी मारणार नाही. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्याला न जुमानणारं तणच मागे उरतं. वाटाण्यात वाचलेला चाकवत बी धरायच्या आत हाताने उपटून बांधाबाहेर नेला, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पुढच्या महिन्यात त्याच दोन जागांची माती घेऊन पुन्हा कुंड्या लावणार आहे.