उंटिणीच्या दुधाची पावडर: चार महिने, बारा डबे, चमचा नाही

आधी चमच्याचं बोलतो. साडेबाराशे रुपयांचा डबा, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘सकाळ-संध्याकाळ दोन चमचे’, आणि आत चमचाच नाही. तान्ह्या बाळाच्या पावडरीत येतो, जिमवाल्यांच्या प्रोटीनमध्ये येतो, इथे नाही. फोन केला. ‘सर, घरातला कोणताही चालेल.’ चहाचा की पोह्याचा? ‘कोणताही.’ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पाहिलं: चहाचा सपाट चमचा ३ ग्रॅम, पोह्याचा शीग लावून ११. म्हणजे मात्रा जवळपास चौपट झाली तरी यांना सोयरसुतक नाही. क्रोसिनच्या बाटलीला सुद्धा मापाचं झाकण असतं हो. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक, शब्द मोजून चार, आणि या पावडरीनं ऑटिझममध्ये फरक पडतो असा कंपनीचा दावा. मी आणखी दोन डबे मागवले.

आम्ही चहाचा चमचा, शीग लावून, ५ ग्रॅम असं ठरवलं. २०० ग्रॅमचा डबा दहा दिवसांत खडखडाट. एका डब्याचं दूध होतं जेमतेम पावणेदोन लिटर, म्हणजे लिटरला सातशेच्या वर. २०१९ मध्ये अमूलने गुजरातेत उंटिणीचं दूध आणलं तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना होती. बाकी कशाचे पैसे घेतात, ते ज्याचं त्यानं समजावं.

चव किंचित खारट, ती मुलाला चालली. गुठळ्या मात्र भयंकर. कोमट पाणी, गार पाणी, रवी, मिक्सर, सगळं करून शेवटी गाळणीच.

पहिल्या महिन्यानंतर मी चार तारे देऊन बसलो होतो. एक तारा चमच्याचा कापला होता. चार तारे का, तर आमच्या कालनिर्णयावर, पूर्वी जिथे दुधाचा हिशोब असायचा, त्या चौकोनांत मी रोजचं लिहीत होतो: ‘हाक मारल्यावर वळला’, ‘सलग सात तास झोप’. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी ‘बाबा पाणी’ म्हणाला. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर डब्याचा फोटो टाकला. आता तो फोटो आठवला की कानकोंडं होतं.

मत कुठे बदललं? तिसऱ्या महिन्यात. एका संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, या बॅचला गुठळ्या नाहीत बघ, कंपनीनं आपलं ऐकलं. ती आधी हसली, मग गप्प झाली. कुरिअर अडकलं होतं. अठरा दिवस ती डेअरीचं साधं गाईचं दूध चिमूटभर मीठ घालून देत होती. तेच गाईचं दूध, जे कंपनीच्या ‘काउन्सेलर’ बाईंनी विष म्हणून बंद करायला सांगितलं होतं. कालनिर्णय काढून पाहिलं. त्या अठरा दिवसांत माझ्या नोंदी सगळ्यांत जास्त: ‘डोळ्यांत बघून हसला’, ‘आज खूपच शांत’. सगळं माझ्याच हातचं.

हे आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. सिक्रेटिन नावाच्या हॉर्मोनची गोष्ट त्यांनी सांगितली. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत ऑटिझमवरचा उपाय म्हणून त्याचा असाच गवगवा झाला, इंजेक्शनसाठी पालकांच्या रांगा. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली, काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं सलाइन. सुधारणा दोन्हीकडे सारखीच दिसली. आणि निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजून रस आहे. त्या ६९ टक्क्यांवर हसायची माझी आता छाती नाही.

मग कंपनीनं पाठवलेला सौदीतला अभ्यास वाचून घेतला, २०१३ चा. मुलं ६०, मुदत दोन आठवडे, आणि प्यायला दिलेलं दूध कच्चं नाहीतर उकळलेलं. पावडर नाहीच! शिवाय जाहिरातीत ‘केसीनमुक्त’ लिहितात, तेही खोटं. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, आणि उंटिणीच्या दुधात ते भरपूर असतं. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुसरं प्रथिन नसतं, ती वेगळी गोष्ट.

‘बाबा पाणी’चं काय, तर त्याच महिन्यात स्पीच थेरपिस्टनं चित्रांची कार्डं सुरू केली होती. पाण्याच्या पेल्याचं कार्ड तो दिवसातून वीसदा माझ्या हातात कोंबायचा, त्यातून शब्द आला असावा. खात्रीनं मीही सांगत नाही. पण थेरपीच्या एका बैठकीचे ६०० होतात, आणि बारा डब्यांच्या पंधरा हजारांत पंचवीस बैठका झाल्या असत्या. हा आकडा मला झोपू देत नाही.

आता सर्व्हिस. मधे मुलाला जुलाब झाले तर उत्तर आलं, ‘सर, टॉक्सिन बाहेर पडतायत, डोस वाढवा.’ कोणत्या चमच्यानं, हे मी विचारलंच. उरलेले दोन सीलबंद डबे परत घ्या म्हटलं तर म्हणे, गहू बंद केला नव्हता ना, मग रिझल्ट कसा येणार. आणि त्याच फोनवर स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचं, पॅकेज! ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच म्हटलंय. हे वाचून दाखवलं, फोन कट.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, काय मोजणार आणि कधी थांबणार ते ठरवलंय का? तेव्हा मला राग आला होता. एक तारा देतोय, तोही मुलानं आवडीनं प्यायलं म्हणून.

दोन डबे कपाटात आहेत. आई म्हणते, कढीला लावून बघू. चमचा आमचाच घ्यावा लागेल.