यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलची गळकी पेट्रोल टाकी: इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचा पॅच, एक पावसाळा काढल्यानंतर

सरळ सांगतो, पॅच टिकलाय. मे महिन्यात लावला, मधे मुंबईचा अख्खा पावसाळा गेला, मुलुंड-दादर रोजचं चालू आहे आणि खाली एक थेंब नाही. पण म्हणून कुठल्याही गळक्या टाकीला हे चालेल असं समजू नका.

गाडी जुनी आरएक्स 100, म्हणजे 1996 किंवा त्याआधीची, नंतर ती बनलीच नाही. टाकी खालच्या जोडावर झिरपत होती, कॉकपासून (टाकीखालची पेट्रोलची तोटी) लांबच्या कोपऱ्यात. तिथेच का, तर पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं, कॉकमधून सगळं निघत नाही आणि पत्रा आतून खातं. त्यात आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल खेचायची सवय, आणि आपली हवा कशी आहे ते माहितीच आहे. मिस्त्रींनी तात्पुरता कपड्याचा साबण घासून दिला होता. हसू नका, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोचण्यापुरतं काम होतं.

गॅस वेल्डिंग करून घे असं बरेच जण म्हणाले. करणारे करतात, पण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते हे लोकांना पटत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते, आणि वाफ हवेपेक्षा जड म्हणून आत तशीच पडून राहते. मी पॅचसाठीसुद्धा टाकी साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतली, मग उन्हात उघडी ठेवली, वास पूर्ण जाईपर्यंत हातच लावला नाही.

खरं काम घासण्याचं आहे. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने छिद्राच्या चारी बाजूंनी दोन-दोन इंच रंग, प्रायमर, गंज सगळं काढून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, मग ॲसिटोनने पुसायचं आणि त्यावर परत बोट लावायचं नाही. आधी नुसतं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की कडक होणारा चिकट पदार्थ) चोळलं, वर कापडाचे दोन थर, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. कापड विणलेलं घ्या. दुकानदार मॅट देईल, म्हणजे काचेचे धागे न विणता नुसते चिकटवलेली चादर, पण त्या मॅटमधला चिकटवणारा पदार्थ बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत तो नीट भिजत नाही. पॉलिएस्टर रेझिन तर इथे नकोच, इथेनॉल त्याला मऊ करतं. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मला "सगळं सेमच आहे" असं ऐकायला मिळालं, सेम नाहीये.

पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी पण टाळा, पेट्रोल सोसायच्या बाबतीत ते कच्चं. सावकाश सुकणारं घ्या, हार्डनर वजनकाट्यावर मोजा, लवकर सुकावं म्हणून जास्त ओतला तर उलट ते कच्चंच राहतं. हाताला कडक लागतं म्हणजे झालं असं नाही, मी आठवडाभर तरी पेट्रोल भरलं नाही आणि दुपारी टाकी उन्हात ठेवायचो, उष्णतेने इपॉक्सी पक्कं होतं. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत वर चिकट थर येतो आणि त्यावर रंग बसत नाही.

आता तक्रारी. पॅच पिवळट-तपकिरी झालाय, पण नख रुतत नाही. ब्रॅकेटजवळ एक कड किंचित उचलली आहे, तिथे इंजिनचा हादरा येतो, गळत नाहीये पण लक्ष आहे. बाहेरून टाकी जाड दिसते, ज्यांना गाडी शोला ठेवायची आहे त्यांना चालणार नाही. आणि आतला गंज तसाच आहे, पॅच त्याला काही करत नाही, कार्बोरेटरच्या आधी फिल्टर लावलाय आणि त्यात लाल भुकटी येते.

तुमच्या टाकीला हे करायचं असेल तर टाकी अशीच धुवून कोरडी झाल्यावर छिद्राभोवती स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आवाज देतोय तर करा, टोक आत गेलं तर इपॉक्सीचे पैसे वाचवा आणि दुसरी टाकी शोधा.