इलेक्ट्रिक स्कूटर, रत्नागिरीचे चढ आणि आईचा दमा (दीड वर्ष वापरल्यावर)

घेताना मला भीती एकच, मांडवीवरून मारुती मंदिरला वर येताना ही दमणार. दीड वर्ष झालं, मागे आई, पायात तांदळाची पिशवी, तरी एकदाही रखडली नाही. मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी धरते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, ब्रेक कमी झिजतात. ब्रेकची धूळ पण प्रदूषणच हो, टायरची तर या गाडीलाही चुकत नाही.

पण घेतली ती आईसाठी. तिला दमा आहे. जुनी स्कूटर २०१२ ची, बीएस तीन (म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली), पीयूसी दरवेळी पास, पण सकाळी चालू केली की धूर पडवीतून थेट स्वयंपाकघरात, आई बोलायची काही नाही, उठून खिडकी लावून घ्यायची. नंतर कळलं की पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन एवढंच बघतात, नायट्रोजन ऑक्साईड मोजतच नाहीत. आता ती खिडकी दिवसभर उघडी असते. यासाठी मी परत एवढेच पैसे घालीन.

लोक म्हणतात वीज पण कोळशाचीच ना. हो, बरीचशी कोळशाचीच, पण तो धूर स्टँडवर, शाळेच्या गेटसमोर पोरांच्या तोंडावर तरी निघत नाही. वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांच्या नाकात जातोच, म्हणून पुढच्या वर्षी छपरावर सोलर टाकायचं ठरवलंय.

आता तक्रारी. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये पळते ते अंतर, १२० किलोमीटर सांगतात, मला ८५-९० मिळते, ती पण बॅटरी वाचवणाऱ्या इको मोडला. चार्जिंग घरच्या प्लगवर पाच तास, साडेतीन युनिटच्या आसपास, पण पावसात रात्रभर लाईट गेली की सकाळी बोंब. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, दर आठवड्याला पुसाव्या लागतात. आणि सर्व्हिस! कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग) गेला तर पार्ट यायला १९ दिवस, तोपर्यंत परत तीच जुनी धूरवाली बाहेर काढली, आईने परत खिडकी लावली. याचा मला खरंच राग आला, गाडी विकता तर पार्ट पण ठेवा ना.

घ्यायची असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन कंट्रोलर आणि चार्जर स्टॉकला आहे का विचारा, मगच बुकिंग. टेस्ट राइड सपाटीवर घेऊ नका, कोणालातरी मागे बसवून मांडवीवरून वर चढवून बघा.