नीटच्या बायोलॉजीसाठी भरलेले ४२ हजार आणि हातचे गेलेले पाच महिने

माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, माल बेदाण्याला जातो. धाकटी लेक बारावी सायन्सला होती. तिला डॉक्टर व्हायचंय आणि बायोलॉजी तिचा जीव की प्राण. फिजिक्सला ती कच्ची आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ठरवलं की बायोलॉजी तरी पक्की करून घ्यायची. नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या बायोलॉजीला असतात.

सांगलीत विश्रामबागला एक क्लास होता. नाव घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. बाहेर मोठा फ्लेक्स होता, ‘बायोलॉजीत ३२० प्लस, नाहीतर फी परत’. मी कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा सौद्याला काढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४२ हजार भरले. २० हजार ऑनलाइन, २२ हजार रोख. रोखीची पावती हातात पडली तेव्हा तिच्यावर ‘झेरॉक्स व स्टेशनरी’ असं लिहिलं होतं. मी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, जीएसटीचा घोळ नको म्हणून.” आणि मी ती पावती घडी घालून खिशात ठेवली. पहिली चूक माझी, तिथेच झाली.

पोरगी दर शनिवार-रविवार एसटीने सांगलीला जायची. नोट्सचे चार जाड खंड मिळाले होते, स्पायरल बांधलेले. रात्री अकरापर्यंत तेच वाचायची. मी बायोलॉजी शिकलेलो नाही, मला वाटायचं अभ्यास जोरात चाललाय.

एप्रिलमध्ये तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या बायोलॉजीच्या मॅडम रस्त्यात भेटल्या. त्यांनी सहज वही मागितली, दोन-तीन पानं उलटली आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “दादा, हे जुनं आहे सगळं. डायजेशन म्हणजे पचन आणि मिनरल न्यूट्रिशन म्हणजे वनस्पतींचं खनिज पोषण, हे धडे २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाहीत. तिनं हे का केलं?” लेकीनं त्या दोन धड्यांवर जवळजवळ तीन आठवडे घालवले होते. उलट जे नव्यानं आलं होतं ते त्या नोट्समध्ये नव्हतंच. वनस्पतींच्या कुळांमध्ये मालव्हेसी, क्रुसिफेरी, ग्रॅमिनी यांचा पत्ता नाही. मालव्हेसी म्हणजे आमच्या दारातली जास्वंद, क्रुसिफेरी म्हणजे मोहरी आणि ग्रॅमिनी म्हणजे शाळू, ऊस. जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच पोरीला परीक्षेसाठी माहीत नव्हतं.

त्याहून वाईट पुढे होतं. मॅडम घरी आल्या आणि तिचं एनसीईआरटीचं, म्हणजे नीट ज्यावरून होते ते सरकारी पाठ्यपुस्तक उघडून बसल्या. पेशीविभाजनाच्या धड्यात, मायोसिसमध्ये, क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची देवाणघेवाण, पॅकिटीन अवस्थेत होतं असं छापलेलं आहे. लेकीनं तो ‘पॅकिटीन’ शब्द पेन्सिलीनं खोडून वर ‘डिप्लोटीन’ लिहिलं होतं आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘सरांची नोट’. क्लासच्या टेस्टच्या उत्तरपत्रिकेत तसं होतं म्हणून. मॅडम म्हणाल्या की त्यानंतरच्या डिप्लोटीन अवस्थेत फक्त कायझमा, म्हणजे त्या देवाणघेवाणीच्या जागा, दिसायला लागतात, देवाणघेवाण त्याआधीच झालेली असते. पोरीनं छापील पुस्तकावर नाही, त्या झेरॉक्सवर विश्वास ठेवला होता, कारण त्या नोट्ससाठी बापानं ४२ हजार मोजले होते. नीटला बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, म्हणजे अशा एका ओळीमागे ५ गुण. अशा खोडलेल्या अकरा जागा आम्ही मोजल्या.

टेस्टचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेनं जाहीर केलं होतं की आता पर्यायी प्रश्न नाहीत, १८० प्रश्न, तीन तास. क्लास मात्र एप्रिलपर्यंत जुन्याच नमुन्याचे पेपर वाटत होता, बायोलॉजीचे १०० प्रश्न आणि त्यातले ९० सोडवायचे. अवघड ते सोडून द्यायची तिला सवय लागली. ४ मेच्या नीटला सोडायला जागाच नव्हती. बायोलॉजीत २३१ गुण आले.

फी परत मागायला गेलो तर अट क्रमांक ७ दाखवली. सगळ्या टेस्टना हजेरी हवी. लेकीच्या दोन बुडाल्या होत्या. एप्रिलच्या अवकाळीत शेडवर पाणी यायला लागलं आणि घरातला प्रत्येक माणूस बेदाण्यावर ताडपत्री ओढत होता, तीही. तो फॉर्म मी न वाचता सही केला होता.

आता ज्यांची मुलं यंदा तयारी करताहेत त्यांना हात जोडून सांगतो. नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्याची प्रिंट काढा आणि क्लासच्या नोट्सची अनुक्रमणिका शेजारी ठेवून धड्याला धडा लावून बघा. त्याला बायोलॉजी यावी लागत नाही, मलाही जमलं असतं. एनसीईआरटीची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नोट्स आणि पुस्तकात फरक दिसला तर मुलानं आधी कॉलेजच्या शिक्षकांना विचारावं, पुस्तक खोडू नये. गुणांची हमी देणारा फ्लेक्स दिसला तर तिथूनच मागे फिरा. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंगवाल्यांनी अशी हमी द्यायचीच नाही. विद्यार्थी मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असंही त्यात आहे. हे मला आधी कळलं असतं तर एप्रिलमध्येच पोरीला काढली असती. पावती ‘क्लासची फी’ अशीच लिहून घ्या, रोख देऊच नका.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही. लेक पुन्हा बसणार आहे, या वेळी मॅडमकडे. तक्रारीला मी स्टेशनरीची पावती, फ्लेक्सचा फोटो आणि अट क्रमांक ७ चा फॉर्म जोडलाय. त्या पेन्सिलनं खोडलेल्या पानाची झेरॉक्सही सोबत दिली आहे.