खंबाटकीत गाडी तापली आणि ३१,८५० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो रोज कानावर पडतो. ३१,८५०. त्यातले १५,००० फोनवरून दिले आणि १६,८५० रोख. "रोख कशाला दिलेत?" हा प्रश्न आतापर्यंत बारा जणांनी विचारून झालाय, तुम्ही विचारू नका.

मे महिन्यातला शनिवार होता. पुण्याहून साताऱ्याला येत होतो, गाडीत पत्नी आणि ७४ वर्षांची आई. सुट्ट्यांची गर्दी, खंबाटकीच्या चढाला ट्रकांची रांग, आम्ही पहिल्या गिअरवर मुंगीसारखे. एसीतून आधी कोमट, मग चक्क गरम हवा यायला लागली. पत्नी म्हणाली, "गॅस संपला वाटतं." मी म्हणालो, हो. पाच-दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबलो आणि हळूहळू घाट उतरलो. उताराला लागल्यावर काटा आपोआप मध्यावर आला.

पळती गाडी गार राहते आणि उभी गाडी तापते, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. पळताना समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फक्त रेडिएटरच्या पंख्याचा. पंखा बंद म्हणून एसीही गार करत नव्हता. मी सातवीला विज्ञान शिकवतो. वहन, अभिसरण, प्रारण पोरांकडून घोकून घेतो. हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहितो.

सुरूरच्या अलीकडे चहाला थांबलो. आईसाठी एसी चालू ठेवला होता, त्यामुळे इंजिन चालूच. काटा पुन्हा चढला. लगेच एक पोरगं आलं: "काका, वास मारतीया गाडी. पुढं नेऊ नका, जाम होईल इंजिन. मिस्त्रीला बोलावतो." ही पोरं कशी नेमकी तिथेच असतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण संध्याकाळचे साडेसात वाजलेले, आईला बीपीचा त्रास. अशा वेळी माणूस शहाणपणा करत नाही, घर गाठायचं बघतो.

मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं. इंजिन चालू, काटा लाल, आणि आत पंख्याचा घोंगाट नाही. मग त्याने इंजिन बंद करायला लावलं, वाकला आणि बोटाने पंख्याचं पातं हलकेच फिरवून पाहिलं. मी शेजारी उभा होतो. मी ते पाहिलं. पातं मोकळं फिरलं, तो क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हेड गॅस्केट गेलंय. आतनं गेलंय." त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्या एका नजरेत त्याने पंखाही तपासला आणि मलाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते बोट दिसतं.

ऑइलचं झाकण उघडून दाखवलं, ऑइल स्वच्छ. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं पातळ पान, दर सिलिंडरला एक मोठं भोक असलेलं. ते जाऊन पाणी ऑइलमध्ये गेलं की ऑइलचा चहा होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, टाकीत पाणी जागच्या जागी. म्हणजे गॅस्केट गेल्याची एकही खूण नाही. तरी मी मान डोलावली. गाडी त्याच्याकडे टोचन करून दिली आणि आम्ही तिघं वडापने घरी.

तिसऱ्या दिवशी बिल: हेड मशिनिंग ४,५००, गॅस्केट किट ६,२००, वॉटर पंप ३,८००, थर्मोस्टॅट १,६५०, कूलंट २,४००, टोचन १,३००, मजुरी १२,०००. "मशीन चालत नाही, रोख द्या, जीएसटी वाचंल तुमचा." वाचला. "जुनं गॅस्केट बघा" म्हणून एक काळंकुट्ट पान हातात दिलं. मी कौतुकाने त्याचा फोटोसुद्धा काढला!

नवव्या दिवशी राजवाड्याच्या गर्दीत काटा पुन्हा लाल. गोडोलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी काही उघडलं नाही. इंजिन चालू करून एसी लावायला सांगितला आणि कान दिला. "पंखा कुठं फिरतोय, गुरुजी?" बॅटरीवरून थेट वायर दिली तर पंखा गरगर फिरला, म्हणजे मोटर चांगली. फ्यूज शाबूत. मग हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी छोटी डबी, काढला, नंबर जुळवला, पंख्याच्या जागी बसवला आणि पंखा विमानासारखा सुरू. नवा रिले २८० रुपये, मजुरी १००. मी हेडचं विचारलं, तेव्हा त्यांनी वरच्या कव्हरच्या बोल्टांवर टॉर्च मारली. दहा वर्षांची चिकट धूळ तशीच. ते कव्हर काढल्याशिवाय हेड निघत नाही. पंपही जुनाच.

झाकणाची गोष्ट मध्येच सांगतो, राहून जाईल: तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. घाटात अडकलात तर एसी बंद आणि हीटर फुल करा. घाम निघेल, पण इंजिन वाचेल.

मग पोलीस. पहिल्या ठाण्यात म्हणाले, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात दोन तास बाकावर, मग, "गुरुजी, हे दिवाणी आहे. गाडी तुम्हीच दिली ना त्याच्या ताब्यात? जबरदस्ती केली का?" मी विचारलं, काम न करता पैसे घेतले, याला काय म्हणायचं? "व्यवहार," म्हणाले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. तीन वेळा गेलो, तीनदा साहेब बंदोबस्ताला. एका सरकारी कार्यालयात तर कमाल झाली. "यावर जीएसटी नंबर नाही, मग हे बिलच नाही." अहो, तीच तर तक्रार आहे! खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. माझ्या रजा गेल्या त्या वेगळ्याच.

गॅरेजवाल्याकडेही गेलो. "पंखा नंतर गेला असंल, सर. आपली वॉरंटी हेडची." वर चहा मागवला. मी प्यायलो नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

काढलेले जुने पार्ट डिकीत टाकून घ्या. काम उघडं असतानाचा फोटो मागा. पक्कं बिल नसेल तर रोकड काढू नका, तो कितीही गोड बोलो.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. अर्जाला जोडायला त्या गॅस्केटचा फोटो काल छापून घेतला. दुकानातलं पोरगं, असेल अकरावी-बारावीचं, कागद हातात घेऊन म्हणालं, "सर, तुमची गाडी तर चार सिलिंडरची ना? ह्याला मोठी भोकं तीनच हायेत."