नौपाड्यातलं कर्णयंत्राचं क्लिनिक: चार तारे, एक फोनसाठी कापला

21 जुलै 2025 ला हायकोर्टाने लोकल बॉम्बस्फोटाच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, तेव्हा मी टीव्हीसमोरच बसलो होतो. आवाज एवढा मोठा की शेजारच्यांनी दार लावून घेतलं. तरी ‘दोषी’ म्हणाले की ‘निर्दोष’, तेच मला कळेना. शेवटी सुनेने लाइटबिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं. त्याच आठवड्यात मुलाने मला इथे आणलं.

मी 11 जुलै 2006 च्या त्याच स्फोटांतला. माहीमजवळ फर्स्ट क्लासला लागून असलेल्या सेकंडच्या डब्यात पत्र्याला डावा खांदा टेकून उभा होतो. अकरा मिनिटांत सात गाड्यांत सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली, 800 च्या वर जखमी झाली. जखमींत मी हलक्यातला. कानामागची झिल्ली काढून पडद्याला ठिगळ लावलं, ते छान जुळलंही. आतली नस मात्र गेली ती गेली. तेव्हापासून डाव्या कानात एक रातकिडा मुक्कामाला आहे.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी यंत्र घेतलं होतं, ते कपाटात पडून आहे. तिथे सरसकट आवाज वाढवून दिला होता. स्वयंपाकघरात वाटी पडली तरी मी दोन्ही हातांनी कान धरायचो. बायकोला वाटायचं नाटक करतो.

इथल्या ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या. बंद खोलीत बसवून टिक ऐकू आली की बटण दाबायला लावलं, मग तोंड झाकून शब्द म्हटले. साठ, ताट, पाट. डाव्या कानाला तिन्ही ‘आट’. कान कशाने गेला विचारलं तर मी नेहमीचं सांगितलं, वय झालं. त्यांनी आलेख माझ्याकडे फिरवला. “वयाने गेला असता तर दोन्ही रेघा सारख्या उतरल्या असत्या, काका.” मग सांगावंच लागलं.

त्यांनी तो दिवस उकरला नाही. एवढंच विचारलं, “आता कुठला आवाज नको वाटतो?” एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, भांडं पडल्याचा. त्या आत जाऊन स्टीलच्या डब्याचं झाकण घेऊन आल्या. “सांगून टाकते हं.” पहिल्यांदा मी खुर्चीतून उठलोच. त्यांनी कॉम्प्युटरवर मोठ्या आवाजाची वरची मर्यादा खाली आणली, बारीक आवाज तसेच ठेवले, पुन्हा झाकण टाकलं. तिसऱ्या खेपेला नुसतं झाकण पडलं. त्यानंतर दोन चकरा झाल्या, त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

आणखी एक आवडलं, गोड बोलून आशा लावत नाहीत. अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारलं तर म्हणाल्या, 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांना किमान 60 डेसिबलची घट लागते. तुमचा डावा 75, उजवा 40, उगाच फेऱ्या मारू नका. रातकिड्याचंही तसंच. यंत्र घातल्यावर दिवसा तो मागे पडतो, रात्री काढून ठेवलं की हजर. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

तक्रारी आहेत. एका कानाचे 38,000 मोजले आणि वर दमट हवेसाठीची कोरडी डबी वेगळी विकत घ्यायला लावली. ठाण्याच्या पावसाळ्यात ती चैन नाही, यंत्रासोबतच द्यायला हवी. पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. आणि अपॉइंटमेंट फक्त फोनवर! ज्यांना फोनवर ऐकू येत नाही त्यांच्याच दुकानात. व्हॉट्सॲपला तीन दिवसांनी अंगठा आला.

बॅटरी 13 नंबरची, नारिंगी स्टिकरवाली. स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवा, मगच आत घाला. मी घाईत पहिलं पाकीट वाया घालवलं. फोनच्या नादी लागू नका, सरळ सकाळी अकराला जा. एक ते चार बंद असतं.